उंबऱ्यावरचं शून्य

माझा मामा सपाट फरशीवर पडला आणि पाय मोडून बसला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी हसले तर मला कुणी नावं ठेवायला नको. एकतीस वर्षं हा माणूस डोंगरातल्या ओल्या, शेवाळलेल्या दगडांवरून रोज चढला आणि उतरला. एकदाही पाय घसरला नाही. आणि आमच्याकडे बहिणीला भेटायला म्हणून आला, तो स्वयंपाकघरातल्या कोरड्या ठणठणीत फरशीवर, टेबल आणि खुर्चीच्या मधे, काहीही कारण नसताना आडवा झाला.

"चढ नसला की याला चालता येत नाही," आई म्हणाली. मग तिने डॉक्टरला बोलावलं. प्लास्टर घातलं गेलं आणि सहा आठवडे मामा आमच्या पुढच्या खोलीत मुक्कामाला आला.

आमचं बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एकच मोठा डोंगर आणि त्याच्या पायाशी दाटीवाटीने बसलेली घरं. खाली बोटीचा धक्का आहे. धक्क्यावर तिकिटांची खिडकी आहे आणि खिडकीत मी आहे. मामाचं घर पार वर, रस्ता संपतो तिथलं शेवटचं. त्याच्यापुढे पायवाट, मग जंगल, मग ढग. सरकारने त्याला त्या जंगलातल्या गोगलगायी मोजायला नेमलंय. मी हे बोटीच्या प्रवाशांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं, बाई थट्टा करतेय. थट्टा मी करतेच, पण नोकरी खरी आहे.

आता गोगलगायींचं सांगायला हवं, आणि ते मामाच्याच शब्दांत, कारण लहानपणापासून मी ते इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. फार फार पूर्वी एखादी गोगलगाय वाहत्या ओंडक्यावर बसून नाहीतर पक्ष्याच्या पायाला लागलेल्या चिखलातून इथे आली. तिची पोरंबाळं पसरली. काही खालीच राहिली, काही हळूहळू वर सरकली. खाली ऊन, वर गारठा. खालच्यांना वरचा गारठा सोसेना आणि वरच्यांना खालचं ऊन.

"सख्खे भाऊ वेगळे झाले, जाणंयेणं तुटलं, की नातवंडं रस्त्यात भेटली तरी ओळख देत नाहीत," मामा म्हणायचा. "यांचं तर लाखो वर्षं जाणंयेणं नाही. कशी ओळखणार?"

म्हणून खालची गोगलगाय तपकिरी, चांगली अंगठ्याएवढी. वरची करंगळीच्या नखाएवढी, कच्च्या पेरूसारखी हिरवी, आणि तिच्या शंखाचं वेटोळं उलट्या बाजूला, डावीकडे वळलेलं. मामा तिला डावरी म्हणतो. ती राहते फक्त ढगातल्या एका पट्ट्यात, शंभर मीटर उंचीच्या. त्याच्या खाली नाही, वर नाही, आणि आमचं बेट सोडून जगात कुठेच नाही. तिच्यामुळेच डोंगराच्या माथ्याला कुंपण आहे. ती नसती तर वर केव्हाच गाड्यांचा रस्ता आणि हॉटेल झालं असतं.

माझं स्वतःचं निरीक्षण असं की जे डावरीचं झालं तेच मामाचंही झालं. बेटावर राहून पक्षी उडायचं विसरतात म्हणे, कारण पळून जावं असं कुणी नसतंच. मामा हळू बोलायचं विसरला. वर त्याच्याशी बोलायला कुणी नाही, त्यामुळे आवाज किती लावावा याचा अंदाजच गेला. "मीठ दे" म्हणाला तरी शेजारी दार उघडून बघतात. दार लावायचं तो विसरलाय, आणि समोरचा मधे काही बोलू पाहतोय हे त्याच्या ध्यानातच येत नाही. लग्न करायचंही विसरला, असं आई म्हणते. पण त्यावर तो म्हणतो, विसरलो नाही, मोजत होतो.

गावात त्याला मीटरमामा म्हणतात. झाड दाखवा, तो उंची सांगणार. आमच्या बेटावर उंची सांगायची जी रीत आहे तिला हे धरून नव्हतं. इथे कुणालाही विचारा, शाळा कुठे? तो सांगेल, "आमच्यापासून दोन वळणं वर." आमच्यापासून म्हणजे त्याच्या दारापासून. ते दार कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असणारच, असं तो धरून चालतो. परगावचा एक पोस्टमन यापायी वर्षभर रडकुंडीला आला होता. मामाला या बोलण्याचा भारी तिटकारा. "अडाणी लोक," म्हणायचा. "उंची मीटरमध्ये सांगायची असते."

त्यासाठी त्याच्याकडे एक यंत्र होतं. तळहाताएवढी पितळी डबी, वर काच, आत सुई, आणि घड्याळासारखे गोल लिहिलेले शून्य ते हजार आकडे. सुई हवेच्या दाबावर चालते. जेवढं वर चढाल तेवढे मीटर दाखवते. हवा रोज बदलते, म्हणून रोज सकाळी बाजूची कळ फिरवून सुई जागेवर आणावी लागते. मामाच्या आधी जे गृहस्थ हे काम करायचे, त्यांनी डबी मामाच्या हातात दिली, "निघताना शून्य करायचं" एवढं सांगितलं आणि ते लगोलग बोट पकडून जे गेले ते गेलेच.

शाळेला सुट्टी लागली की मी मामाकडे राहायला जायचे, सात-आठ वर्षांची असल्यापासून. सकाळी निघताना दाराजवळच्या खिळ्यावरची डबी तो माझ्या हातात द्यायचा. शून्य करायचा मान माझा. मी उंबऱ्यावर उभी राहायचे, जीभ दातात धरून कळ फिरवायचे आणि ओरडायचे, "शून्य!"

"चला," मामा म्हणायचा, "जग सुरू झालं."

आणि आम्ही वर निघायचो. डबी खाली गावात मात्र तो कधी आणायचा नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "खाली मोजण्यासारखं काय आहे?"

सरकारी नकाशात शिखराची उंची एक हजार दहा मीटर लिहिली आहे. मामाच्या डबीप्रमाणे आठशे सत्तर. दोघांत चूक कुणाची, याबद्दल मामाला तिळभर शंका नव्हती. नकाशा काढणारे कधी वर चढले होते का? त्याने मुख्य कचेरीला चार पानी पत्र धाडलं. दीड वर्षाने उत्तर आलं, "आपल्या पत्राची नोंद घेतली आहे." मामाने ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं, जिंकल्यासारखं.

तर मामा प्लास्टरमध्ये असताना त्याच मुख्य कचेरीकडून एक अभ्यासक बाई आल्या. डावरी अजून किती शिल्लक आहे, हे बघून त्यांना अहवाल द्यायचा होता. कुंपण ठेवायचं की काढायचं, ते त्यावर ठरणार होतं. बाई शांत, नीटनेटक्या, चहा घेतल्यावर कप स्वतः विसळून ठेवणाऱ्या. आईला लगेच आवडल्या.

मामाने एकतीस वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही. एकतीस वर्षांत त्या वह्या मागायला आलेलं हे पहिलं माणूस.

"खुणा कुठे केल्यात? झाडांवर वगैरे?" बाईंनी विचारलं.

"खुणा नाहीत!" मामा गरजला. बाई दचकल्या. "खुणा केल्या की शंख गोळा करणारे चोर येतात. मी फक्त उंची लिहितो. पाचशे साठ ते सहाशे साठ. त्याच्याबाहेर एक सापडली तर मिशा उतरवीन. थांबा, वाट सांगतो. आमच्यापासून वर गेलात की..."

"वाट राहू दे, काका. माझ्याकडे उपग्रहावर चालणारं यंत्र आहे, ते अचूक उंची दाखवतं. आकडे मिळाले, पुरे झालं."

आकडे पुरे झाले म्हटल्यावर मामा असा काही फुलला की वाट सांगायचं विसरूनच गेला.

बाई पाच दिवस डोंगरावर होत्या. गुरुवारी दुपारी परत आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि स्वयंपाकघरात न बसता उभ्याच राहिल्या. वाईट बातमी आणणारी माणसं अशी उभी राहतात.

"काका, एकही नाही," त्या म्हणाल्या. "सगळा पट्टा पानन् पान बघितला. तपकिरी भरपूर आहेत. डावरी नाही."

"तीन महिन्यांपूर्वी मी एकशे चौदा मोजल्यात."

"असं होतं कधीकधी. छोटीशी वस्ती, एकच डोंगर. उंदीर शिरले किंवा एक उन्हाळा कडक गेला की संपतं. मला खरंच वाईट वाटतं. उद्या दुपारच्या बोटीने मी निघतेय."

मला वाटलं, आता मामा छप्पर उडेल असा ओरडणार. त्याने नुसता प्लास्टरवरून हात फिरवला. बाई गेल्यावर बऱ्याच वेळाने, ऐकूही येईल न येईल अशा आवाजात, म्हणाला, "मी इथे पाय पसरून बसलो होतो, आणि ती गेली." मामा हळू बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. ते न कळतं तर बरं होतं.

शुक्रवारी सकाळी त्याने चहाला हात लावला नाही. दुपारी आईने मला बाजूला घेतलं. "वर जा आणि त्याची चार कापडं घेऊन ये. आणि ती डबी आण. जवळ असली तर बरं वाटेल त्याला."

मी वर गेले. दार अर्थातच उघडं होतं. कपडे पिशवीत कोंबले, खिळ्यावरची डबी काढली, आणि बाहेर पडता पडता उंबऱ्यावर माझी मीच थांबले. बोटांनी कळ फिरवून सुई शून्यावर आणली. चाळिशीला टेकलेली बाई मी, पण काही सवयी हाडात बसतात. ओरडले मात्र नाही. ओरडण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

घरी येऊन डबी मामाच्या पुढ्यात ठेवताना माझं काचेकडे लक्ष गेलं.

"मामा, ही बिघडली वाटतं. आठशे साठ दाखवतेय. हिच्या मते आपलं समुद्रकाठचं स्वयंपाकघर शिखराला टेकलंय."

त्याला हसू यावं म्हणून बोलले होते. त्याने डबी उचलली, काचेवर टिचकी मारली. सुई हलली नाही.

"निघताना शून्य केलंस?"

"केलं की."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तुझ्या दारात. नेहमी करतो तिथेच."

मामा डबीकडे बघत राहिला. मग त्याने काचेवर बोट ठेवलं आणि शून्यापासून उलटं मोजत आणलं. दहा, वीस, तीस. सुईपाशी पोचला तेव्हा एकशे चाळीस झाले होते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्याच्या पडला, ते त्याच्या तोंडावरून दिसलं.

"बाई किती वर गेल्या होत्या?" त्याने विचारलं.

"सातशेपर्यंत म्हणाल्या. तुझ्याच वहीत सातशेच्या वर काही नाही ना?"

"माझं सातशे," मामा म्हणाला. "माझं घर समुद्रापासून एकशे चाळीस मीटरवर आहे. ते मी कधी धरलंच नाही. डावरी त्यांच्या सातशेला सुरू होते. बाई तिच्या दारापर्यंत जाऊन परत फिरल्या."

मी खुर्चीवर बसले. आई चुलीशी होती, ती वळून बघायला लागली. सगळ्या बेटाला अडाणी म्हणणारा हा माणूस एकतीस वर्षं उंची आपल्याच उंबऱ्यापासून मोजत होता, जशी इथला प्रत्येक जण मोजतो. फक्त मीटरमध्ये. आणि शून्य करणारी बोटं कितीतरी सकाळी माझी होती.

"किती वाजले?" मामाने विचारलं.

"तीन. चारला बोट आहे."

मला कळत होतं त्याच्या मनात काय चाललंय. सांगितलं, तर एकतीस वह्यांतला एकूण एक आकडा चुकीचा ठरणार, आणि मीटरमामा हे नाव मरेपर्यंत त्याच्याच डोक्यावर वाजणार. आमच्या गावात लोक अशी गोष्ट दोन पिढ्या पुरवून खातात. नाही सांगितलं, तर डावरी कागदावर मेली, आणि मग रस्ता, हॉटेल आले की खरोखरच मरणार.

"प्रवाशांची यादी कुणाकडे असते?" त्याने विचारलं.

"माझ्याकडे. मी दिल्याशिवाय बोट सुटत नाही."

"म्हणजे बोट चुकली असं म्हणता येणार नाही."

"नाही म्हणता येणार, मामा."

मला फार वाटत होतं की त्याने उठावं. आणि मी त्याला उठ म्हणू नये, असंही वाटत होतं. ही एकच गोष्ट त्याची त्याने करायची होती. त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि म्हणाला, "कशावर बसवून नेतेस?"

सामानाच्या हातगाडीवर बसवून नेलं. पुढे प्लास्टरचा पाय तोफेसारखा रोखलेला, मागे मी ढकलतेय, बाजूने आई उशी सावरत पळतेय. धक्क्यावर रांग लागली होती: पोस्टमन, पाववाला, शाळेच्या दोन शिक्षिका, सुतार. आणि शेवटी बाई, बॅग घेऊन.

मामाने त्यांना बाजूला बोलावलं असतं तर भागलं असतं. पण बाजूला बोलावणं ही खालच्या लोकांची कला, त्याला कुठली येणार?

"मॅडम!" तो ओरडला, आणि सगळी रांग वळली. "मी चुकलो! सगळ्या उंच्या माझ्या दारापासून मोजल्यात, समुद्रापासून नाही! एकतीस वर्षं! प्रत्येक आकड्यात एकशे चाळीस मिळवा! डावरी आहे, तुम्ही खाली शोधलीत! चूक माझी एकट्याची!"

आधी पोस्टमन हसला. रडकुंडीला आलेला तो हाच, त्याला हसायचा हक्क होता. मग पाववाला, मग सगळेच. मामा कानापर्यंत लाल झाला, पण मान खाली घातली नाही.

बाई हसल्या नाहीत. गाडीजवळ आल्या. "रोज त्याच दारातून निघायचात? कधी दुसरीकडून, मित्राकडून, बहिणीकडून?"

"मला दुसरं दार आहेच कुठे?"

"घर कधी बदललं नाहीत?"

"अहो, तोच तर हट्ट!" आई मधे पडली. "एकतीस वर्षं घसा कोरडा करतेय मी, खाली ये राहायला, खाली ये राहायला म्हणून. हलेल तर शपथ!"

"बरं झालं हलले नाहीत," बाई म्हणाल्या. "एकदा जरी जागा बदलली असती तर या वह्या रद्दीत गेल्या असत्या. आता एकच बेरीज करायची. सगळ्या वह्या वाचल्या."

आईने तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या आठवणीत हे पहिल्यांदाच घडलं.

बाईंनी बॅग उचलली आणि माझ्या खिडकीवर येऊन तिकीट परत केलं. मी यादीतून त्यांचं नाव खोडलं, आणि मगच बोट सोडली.

रविवारी संध्याकाळी त्या खाली आल्या. या वेळी आल्या आल्या खुर्ची ओढून बसल्या आणि कॅमेरा मामाच्या हातात दिला. ओल्या पानावर एक हिरवा ठिपका, वेटोळं डावीकडे.

"सातशे चाळीस मीटर," त्या म्हणाल्या. "शहाण्णव सापडल्या."

"अठरा राहिल्या," मामा म्हणाला. "त्या पानाच्या खालच्या बाजूला असतात. तुम्ही वाकला नसाल." एवढं बोलून तो रडला, मोठ्याने, जसं बाकी सगळं करतो तसं. शेजाऱ्यांचं दार उघडलं. मग मीही रडले, आणि आईने दोघांना चहा करायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

बाई गेल्या, कुंपण राहिलं. मामाने पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर चूक लिहून काढायला घेतली. मी म्हटलं, "शून्य मीच करायचे, तेही लिही. धक्क्यावरही माझा विषय काढला नाहीस."

"तू सात वर्षांची होतीस. दार माझं होतं," तो म्हणाला, आणि लिहीत राहिला.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी त्याला वर पोचवायला गेले. चढ लागला तसा गडी सुधारला. काठी त्याने दुसऱ्या वळणावर माझ्या हातात दिली. दारात पोचल्यावर त्याने डबी पुढे केली. मी उंबऱ्यावर उभी राहून कळ फिरवली आणि सुई एकशे चाळीसवर आणून थांबवली.

मामा वर बघायचं सोडून खाली बघत होता. तिथून आमच्या घराचं छप्पर दिसतं, धक्का दिसतो, माझी खिडकीसुद्धा दिसते. मला हे कधी जाणवलं नव्हतं, कारण शून्य करून आम्ही नेहमी तिकडे पाठ करूनच निघायचो.

"म्हणजे इतकी वर्षं," तो म्हणाला, "ताई आणि तू माझ्या मोजण्यातच नव्हतात."

मी त्याची काठी दाराशी टेकवून ठेवली. त्याच्यापुढे रडले असते तर त्याने पुन्हा भोकाड पसरलं असतं, आणि खालचं सगळं गाव काय झालं ते विचारायला लागलं असतं.

"आता आहोत ना?" मी म्हटलं. "मग रविवारी जेवायला ये. आणि फरशीवर जरा जपून चाल."